ओरूची चित्राहुती

फणसवाडी, गिरगाव
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. विनीतास शांताआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या बाबांचा, म्हणजे दादाचा, गुडघा कुरकुरतो, पण सकाळची चौपाटीची फेरी चुकत नाही. फोन का नाही केलास म्हणशील, तर दीड खोलीत फोन म्हणजे जाहीर सभा. दादाचे कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र. शेजारच्या अजितची आकांक्षा ते कुरिअरला देईल. ती आता कॉलेजात जाते.

तुझी ती अंतराळयानाची मालिका आम्ही दर शुक्रवारी बघतो. हे तुला सांगितलं नव्हतं. "बाबांना कळू देऊ नकोस" अशी तू मला शपथ घातलेली, म्हणून मी गप्प राहिले, आणि दादानं ती आपणहूनच लावायला सुरुवात केली. कॅप्टनला तो आगाऊ म्हणतो. पण तो हिरव्या कातडीचा, कपाळावर शिंगं असलेला परग्रहावरचा ओरू म्हणजे त्याच्या गळ्यातला ताईत. "शांते, सगळ्या यानात कामाचा माणूस हा एकच," असं तो म्हणाला की मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळते. बँकेची नोकरी सोडलीस तेव्हा "तोंडाला रंग फासायचा असेल तर ते तोंड मला दाखवू नकोस" म्हणून ओरडलेला माणूस हा! आणि तू असा त्याच्यावर गेलेला हट्टी, की खरंच नाही दाखवलंस.

परवाचा भाग सगळा ओरूचाच होता. त्याच्या ग्रहावरून निरोप येणं बंद झालेलं. कॅप्टन म्हणतो, सुट्टी घे, घरी जाऊन ये. ओरू म्हणतो, "तिथं माझी वाट कुणी बघत नसेल." आणि एकटाच जेवायला बसतो. मला भरून आलं, पण रडायला सवड कुठली? लगेच त्या हिरव्या रंगाखालून तू घोटाळा करून ठेवलास.

त्या निळ्या खिचडीचे चार कण ताटलीच्या बाजूला ठेवलेस आणि तळव्यावर पाणी घेऊन ताटलीभोवती फिरवलंस.

"किती क्यूट! एलियन लोकांचं रिच्युअल," आमच्याबरोबर बघायला बसलेली आकांक्षा म्हणाली.

"रिच्युअल कसलं डोंबलाचं? जेवणाआधीची चित्राहुती आहे ती," दादा म्हणाला. "आणि तीसुद्धा डाव्या हातानं!"

मग तो खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसला.

लहानपणी जेवताना "उजव्या हातानं, उजव्या हातानं" म्हणून तो रोज ओरडायचा, आणि त्याची पाठ वळली की तू डाव्यानंच पाणी फिरवायचास. लेखकानं हे लिहिलेलं नसणार. तुझा हात सवयीनं फिरला आणि तुमच्या दिग्दर्शकाला ते परग्रहावरचं वाटलं. होतं असं.

दादानं टीव्ही बंद केला नाही. शेवटची नावं संपेपर्यंत चष्मा सावरत बसला. काल मटार सोलताना म्हणाला, "त्या सोंगाखाली खाज सुटत असेल का गं?"

"कुणाला?"

"ओरूला."

"सुटत असेल."

"आधी खोबरेल लावावं," म्हणाला, आणि पुन्हा मटार सोलायला लागला.

विनीत, मला तुझी फार आठवण येते. तुम्हा दोघांना एका पंगतीला बसलेलं मला बघायचं आहे. दोन हट्टी माणसांच्या मध्ये बसून मी आता खरंच कंटाळले रे.

पानं नेहमी मी घेते. आज दादानं घेतली, आणि तीन घेतली. मी विचारलं, "कोण येणार आहे?" म्हणाला, "असू दे." आम्हा दोघांचे पाण्याचे पेले डावीकडे, रीतीप्रमाणे. तिसऱ्या पानाचा पेला त्यानं उजवीकडे ठेवला, डाव्या तळव्यावर पाणी घ्यायला सोपं पडावं म्हणून. ते पान तसंच राहिलं. आम्ही जेवलो.

पुढच्या रविवारी डाळिंबीची उसळ करणार आहे. "त्याला बोलाव" असं दादा म्हणालेला नाही, आणि म्हणणारही नाही. ओरूला मात्र माझा निरोप सांग.

तुझी वाट बघणाऱ्या दोघांपैकी एक,
शांताआत्या