मिरची भाजू नकोस

तेआकापान, २६ जून

प्रिय रेमेदियोस,

देवाच्या कृपेने मी बरी आहे, तूही बरी असशील. ग्वादालाहारात संध्याकाळी तरी वारा सुटत असेल. इथे कोंबड्या दुपारभर धुण्याच्या दगडाखालून हलत नाहीत. आंबा मात्र वेड्यासारखा लागलाय. छपरावर धपाधप पडतो. शेजारची तोमासा म्हणते, "युलालिया, विधवेच्या दारी इतकं पिकतं होय गं? तुझ्या झाडाला लाज नाही!"

एवढ्या आंब्यांचं करायचं काय? मे लागला तसा साल्सा केला. तुझा इलारियो समुद्रावरून परत आला नाही आणि तू शहरात गेलीस, तेव्हापासून केला नव्हता. जरा करकरीत आंबा बारीक चिरला. काकडी, लिंबात मुरवलेला लाल कांदा, कोथिंबीर. मिरची आपल्याकडे तव्यावर भाजूनच घालायची, ते तुला ठाऊक आहे. आणि ठसका उठला की तो माझा लेक अंगणातून कसा खोकायचा, तेही. अर्धं खरं, अर्धं नाटक. "आई, एकुलत्या एका पोराचा जीव घेतेस का गं!" आणि मी म्हणायची, "मेल्या, मग लांब जा की!"

त्या दिवशी मिरची काळी पडली, धूर झाला, आणि अंगणातून कुणीतरी खोकलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मेल्या..." आणि हातातला चिमटा खाली पडला.

मी वळून पाहिलं नाही. कुंपणापलीकडून तोमासा ओरडली, "कोण आलंय गं तुझ्याकडे?"

"कुणी नाही. मीच खोकले."

तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि दार लावून घेतलं. मग मी रोजच साल्सा करायला लागले. जीभ सोलवटली, पोट बिघडलं, तरी दुपार झाली की तवा ठेवायची. पोरी, सुखात होते मी.

पण हे सांगायला बसले नव्हते. कधीपासून आंबेच चिरतेय.

इलारियो सापडला. मे सरताना. कोळंबी धरणाऱ्यांना खारफुटीच्या चिखलात उलटी पडलेली होडी दिसली. तिच्याखाली तो होता. म्हणजे, जे उरलं होतं ते. पट्ट्याचं बक्कल तू लग्नात दिलेलं, घोड्याच्या तोंडाचं. मी माझ्या हाताने चिखल पुसून पाहिलं. त्याच्या वडिलांशेजारी त्याला ठेवला. पाद्रीबाबांनी विचारलं, "सुनेला कळवलंत ना?" मी म्हटलं, "कळवते." आणि नाही कळवलं.

रागाव, पण पुढचं वाच. मातीहून आल्यावर लोकांना जेवायला घालायचं म्हणून मी मिरची भाजली. घर माणसांनी भरलेलं, सगळेच खोकत होते. त्या सगळ्यांत मला तो वेगळा ऐकू आला.

पाद्रीबाबांनी घरभर पवित्र पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होताच.

तू आलीस तर तुलाही ऐकू येईल. मग तू परत जायची नाहीस. ओळखते मी तुला. अजून अंगठी काढत नाहीस, आणि त्या पाववाल्या सेवेरिनोला दारातूनच वाटेला लावतेस, असं तुझी मावशी सांगत होती. म्हणते, हसला की बसल्या खुर्चीसकट हलतो. अगं, जिवंत माणूस आहे तो. आत घे त्याला. त्याला साल्सा करून घाल. मिरची कच्चीच घाल, बारीक चिरून. भाजू नकोस.

क्रूसावर तुझं नाव त्याची बायको म्हणून लिहवलंय. फुलंही तुझ्या नावाने वाहिली. तुझ्या वाटचं काही राहिलेलं नाही.

यंदा येऊ नकोस. पुढल्या वर्षीही नको. मी आहे तोवर येऊच नकोस. त्याच्याजवळ मी आहे.

इतके दिवस सासू होते, आता आईच समज,
युलालिया