राखेच्या ठोकळ्यांवर मामांनी मारलेलं पाणी

ती. मामांच्या पायांशी,

अर्धा साष्टांग नमस्कार. (आठपैकी चारच अंगं टेकवली आहेत, कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं पित्त? इकडे सगळे ठीक. म्हणजे बाकीचे ठीक, माझं काम जाण्याच्या बेतात.

चाळीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला प्रयोगशाळा दाखवायला नेलं, हीच माझी चूक. आत शिरल्या शिरल्या तुम्ही सर्वांदेखत म्हणालात, 'राखेचं सिमेंट? राखेनं भांडी घासतात रे.' (आमच्या विभागप्रमुख बाई हसल्या. त्या वर्षातून एकदाच हसतात. यंदाचं तुम्ही संपवलंत.) तरी मी न चिडता समजावलं, की कारखान्याच्या भट्टीतली राख कालवून ठोकळे पाडायचे, लोखंडी पेटीत ठेवायचे आणि धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा. तो राखेत मुरून दगड होतो. हवेत जायची घाण भिंतीत बसते. मात्र आधी ठोकळे कडकडीत वाळवायचे, कारण छिद्रं पाण्यानं भरली तर वायू शिरणार कुठून? हा माझा सिद्धांत; तीन महिने त्यावर घासतोय. तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात. ते 'हं' मी लहानपणापासून ओळखतो, तरी मूर्खासारखा चहा सांगायला बाहेर गेलो.

परत येऊन बघतो तर तुम्ही तांब्या घेऊन उभे, आणि नऊपैकी तीन ठोकळे ओले. म्हणे, 'कोरडं काम बघवत नाही रे, हात आपोआप गेला.' मग मी बोलू नये ते बोललो, आणि तुम्ही चहा न पिता चपला घातल्यात. मामी सांगते, तुम्ही दोन दिवस कोणाशी बोलत नाही. मामा, तुम्ही तसे निघून गेलात ते मला फार लागलंय. पण शुक्रवारी बाईंसमोर ठोकळे मशिनमध्ये दाबायचेत. फुटले तर आमचा विभाग बंद आणि मी पुन्हा फाटकावर राखेचे ट्रक मोजायला. नवे पाडायला वेळ नाही, म्हणून तेच नऊ पेटीत घातलेत. तेव्हा चूक कोणाची ते तुम्हीच ठरवा. वडीलधाऱ्यांनी माफी मागू नये असा काही कायदा नाही.

तुमचा भाचा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि शुक्रवार उरकला. माझे सहा कोरडे ठोकळे मशिन टेकताच भुगा झाले. (भांड्यांना चालतील.) तुमचे तीन काही केल्या फुटेनात. थोडी ओल असल्याशिवाय वायू राखेला धरतच नाही म्हणे. बाईंनी चारचौघांत माझं कौतुक केलं. मी ते तुमचं नाव न काढता खिशात घातलं.

ता. ता. क. पुढल्या सोमवारी तेच पुन्हा करून दाखवायचंय, आणि वहीत पाण्याचं माप लिहायचंय. सध्या 'ठरावीक प्रमाणात' असं लिहून ठेवलंय. ते प्रमाण किती, मामा? हाताचाच अंदाज असेल तर तो हात घेऊन त्या दिवशी सकाळी दहाच्या आत या. उरलेली चार अंगं फाटकावरच टेकवतो, ट्रकवाल्यांदेखत.