खताच्या बेटाची लढाई

३ जून
ठरलं. व्हिडिओ गेम बनवायचा. लेक खेळत होती, मी मागे उभा राहून बघत होतो. पुन्हा तीच महायुद्धं, तेच रोमन, तेच सामुराई. इतिहास काय एवढाच झाला? तसं म्हटलं तर म्हणाली, "मग तूच बनव ना, बाबा." खोचकपणे म्हणाली. पण मी असल्या गोष्टी मनावर घेतो.

४ जून
चष्म्याच्या दुकानात एक बरं असतं, गिऱ्हाइकाचा नंबर तपासून झाला की डोकं मोकळं. विषय सापडला. एकोणिसाव्या शतकात पेरूच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर होते. एक नंबर खत. स्पेनने बेटं बळकावली, पुढे युद्ध पेटलं. यावर गेम? मी तरी बघितलेला नाही. कल्पना म्हणजे नव्वद टक्के काम. ते झालं.

संध्याकाळी हिला सांगितलं. म्हणाली, पेरूसाठी लढाई? पेरू हा देश आहे हे समजावेपर्यंत चहा निवला. विष्ठेचं सांगितल्यावर तिने कपच खाली ठेवला.

९ जून
मेहुणा आला. बँकांचं सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे कल्पनाशक्तीचा दुष्काळ. त्याला आराखडा ऐकवला. दोन आरमारं, वादळ, तोफा, शेकडो खलाशी, प्रत्येकाची मिशी वेगळी. तो म्हणाला, भाऊजी, आधी एक पक्षी उडवून दाखवा. अपमान गिळला. पक्षी म्हणजे डाव्या हातचा मळ.

१७ जून
पक्षी उडतो. शेपटीकडून. मेहुण्याला कळवलं नाही. समुद्रावर वारा असतो, होत असणार असं.

२६ जून
आरमारं रद्द. तोफा रद्द. मिश्यांचं नंतर बघू. आता बेट, पक्षी आणि मागे फावडं धरून उभा एक मजूर. माणूस काढायला एवढाच जमला.

३० जून
इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका नंबर तपासायला आल्या. त्यांची हनुवटी मशीनवर टेकलेली, म्हणजे उठून जायची सोय नव्हती. अख्खा गेम ऐकवला. त्यांनी विचारलं, खणतं कोण? म्हटलं, एक मजूर आहे मागे, शोभेला.

मग हनुवटी न हलवता त्यांनी सांगितलं. चीनमधून करारावर माणसं आणायचे, कित्येकांना फसवून. त्या धुळीत दिवसभर खणायला लावायचे. बरेच जण परत गेलेच नाहीत. "देश बेटांसाठी भांडले," त्या म्हणाल्या, "त्या माणसांसाठी कोणी नाही. तुमच्या गेममध्ये त्याला काय करता येतं?"

काहीच नाही. चालतासुद्धा येत नाही. पण हे त्यांना कशाला सांगू? त्यांचा नंबर लिहिताना मात्र दोनदा चुकलो.

२ जुलै
गेम बदलला. आता खेळणारा म्हणजेच तो मजूर. बटण दाबलं की खणतो. जिंकणं नाही, जाणं नाही. हा पूर्णपणे कलात्मक निर्णय आहे. मला त्याला चालवता येत नाही हा निव्वळ योगायोग.

११ जुलै
खणण्याचा आवाज हवा. इंटरनेटवरचे सगळे दार ठोकल्यासारखे. तोंडाने करून बघितला, लेक दुसऱ्या खोलीत गेली. शेवटी ही उठली. कुंडीतली सुकी माती टबात ओतली, लोखंडी उलथणं घेतलं, फोन शेजारी ठेवला, आम्हाला गप्प केलं. खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र. आणि मध्ये एक श्वास. श्वास कशाला, विचारलं. म्हणाली, "माणूस दमेल की नाही?"
बरं. गेमच्या नामावलीत कुठेतरी हिचंही नाव टाकू.

२० जुलै
नवख्या गेमवाल्यांचं प्रदर्शन. मेहुण्याने परस्पर नाव दिलं होतं. मी भाषण पाठ करून टेबलाशी उभा. लोक येत, हेडफोन लावत. मग भाषण कोण ऐकणार?

लेक खेळायला बसली. वाटलं, लगेच उठेल. ती खणत राहिली. फावडं, श्वास, फावडं. वर पक्षी मागे मागे उडत होता, त्यालाही हसली नाही. उठून म्हणाली, "हा कधीच थांबत नाही का रे, बाबा?"

म्हटलं, थांबायचं बटण अजून केलेलं नाही.

"नको करूस," म्हणाली.

एका गेम स्टुडिओच्या बाईही बराच वेळ बसल्या. माझा फोन नंबर घेऊन गेल्या. दुकानातल्या नोकरीचा राजीनामा मनात तयार आहे. भाषा नम्र ठेवलीय.

२४ जुलै, रात्र
स्टुडिओचा फोन. उभं राहून बोललो. बाई म्हणाल्या, कल्पना वेगळी आहे. मी आभार मानले. मग म्हणाल्या, तो आवाज ज्यांनी केला त्यांना फोन देता का?
दिला.
ही आत जाऊन बोलत बसली. मध्येच हसल्याचं ऐकू आलं. त्यांच्या नव्या गेमचे आवाज आता ही करणार, घरूनच. बाहेर आली तेव्हा चेहरा असा फुललेला, की मी राजीनाम्याचं काढलं नाही.
तसं बघितलं तर यश माझंच. फक्त वळसा घालून आलं.
उद्यापासून रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग. तेवढा वेळ पंखा बंद, खुर्ची सरकवायची नाही, आणि मी बोलायचं नाही. सराव म्हणून आज जेवताना गप्प बसलो. दोघी म्हणाल्या, हे मात्र छान जमतंय.