चाक घसरत नसेल तरच

आई, आज कारखान्यात मी साहेबांना सगळ्यांदेखत नाही म्हणाले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तू पहिला प्रश्न काय विचारला असतास ते मला ठाऊक आहे. नाही म्हणालीस हे ठीक, पण कारण काय दिलंस? तेच सांगायला बसले आहे.

घरी तू आई होतीस आणि त्या हिंदी मुलखातल्या मुलींच्या इंटर कॉलेजात भौतिकशास्त्राच्या मॅडम. वर्गात शिरताना तुझी मराठीसुद्धा बाहेर राहायची. अकरावीत तू विचारलंस, सडकेवरून एकसारख्या वेगाने पळणाऱ्या मोटारीच्या चाकाचं कोनीय त्वरण किती? मी तोऱ्यात उठले. इतकं गरागरा फिरतंय म्हणजे भरपूरच असणार! "शून्य," तू म्हणालीस. "घूमना बढ़ा? घटा? नहीं न? फिर त्वरण कहाँ से आया? बैठ जाओ। सूत्र रट लिया, पहिया देखा ही नहीं।" वर्ग खो खो हसला. मॅडमच्या मुलीवर हसायची संधी कोण सोडतंय! घरी येऊन मी जेवले नाही, आणि तूही मनधरणी केली नाहीस. बाबा बिचारे स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यात येरझाऱ्या घालत राहिले. मला तुझा भयंकर राग आला होता.

थंडी पडली तशी तू बडा बाजारातून डिंक आणि खारीक आणलीस. लाडू वळून झाले, आणि अजून देवापुढे ठेवायचे असताना तू जेवणाचा पाट काढून त्याच्या एका टोकाखाली डबा सरकवतेस. एक लाडू मुठीएवढा, एक सुपारीएवढा. दोघांच्या अंगात एकेक बेदाणा खोचतेस, गिरक्या दिसाव्यात म्हणून. "कोण आधी पोचेल?" मोठा, मी फुरंगटूनच म्हणते. दोघे जोडीने खाली येतात. "आता धाकट्याकडे बघ. वाट तीच, वेळ तेवढाच, आणि गिरक्या किती जास्त! म्हणजे त्याचं फिरणं जास्त झपाट्याने वाढायला हवं की नको? पुढे जाण्याचं त्वरण भागिले त्रिज्या. एवढंच तर आहे." मग तू पाटाला तूप चोपडलंस. या खेपेला मोठा लाडू बेदाणा वर ठेवून तसाच्या तसा घसरत आला. "लाव आता तुझं सूत्र!" लागेना. चाक घसरलं की फिरणं आणि पुढे जाणं यांचा मेळ तुटतो, हे मला तिथे जमिनीवर बसून कळलं. दारातून बाबा म्हणाले, "अगं, नैवेद्य व्हायचाय अजून!" त्यावर तू म्हणालीस, "देवाला सांगा, पोरगी शिकतेय." माझा राग कधी गेला, कळलंच नाही.

आज रेल्वेच्या डब्याच्या नव्या ब्रेकची चाचणी होती, मुद्दाम रूळ ओले करून. पडद्यावर दोन रेघा आल्या, एक चाकाच्या फिरण्याची, दुसरी डब्याच्या वेगाची. साहेब पहिलीवरच खूश. "देखिए, पहिया कितनी जल्दी धीमा पड़ा। ब्रेक पास।" मी डब्याचं मंदावणं त्रिज्येने भागलं, तर चाक त्याच्या जवळजवळ दुपटीने मंदावत होतं. "सर, पहिया फिसल रहा है। डिब्बा तो भागा जा रहा है।" ते म्हणाले, "पहिये घिसे हुए हैं मैडम। छोटा पहिया, तो ज़्यादा आएगा ही।" शंका अगदीच खुळी नव्हती. पण झिजून चाक बोटभर लहान होतं, निम्मं होत नाही. मी चुकले असते तर चाचणीचं काम पुन्हा माझ्या हाती आलं नसतं. आणि गप्प बसले असते तर एखाद्या पावसात माणसांनी भरलेला तो डबा थांबायच्या जागेच्या पुढे गेला असता. मी म्हणाले, "पटरी सुखाकर फिर चलाइए। पहिया तो यही रहेगा। घिसने की बात है, तो सूखे में भी इतना ही फ़र्क़ आएगा।" रूळ पुसले, डबा पुन्हा धावला, आणि यावेळी भागाकार चोख जुळला. म्हणजे ओल्या रुळावर चाक घसरतच होतं.

साहेब मनाचे मोठे. "पास नहीं," म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "कहाँ से पढ़ी हैं आप?" लोक अशा वेळी आपल्या कॉलेजाचं नाव सांगतात. माझ्या तोंडून निघालं, "माँ से।" सगळे हसले, मीही हसले, पण मान अशी ताठ झाली होती की काय सांगू! तुझा अभिमान वाटला, आणि लपवत नाही, माझाही वाटला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, मला कळतं. एकच सांगते. सगळ्यांनी मान्य केलं, चाचणी थांबली, ब्रेक दुरुस्तीला गेला. तरी घरी येऊन मी तो भागाकार पुन्हा करून बघितला. तू तपासला नव्हतास ना.