सहा एप्रिलची म्हैस

अब्बा, या जानेवारीत माझ्यामुळं पहिल्यांदाच म्हैस पाळणारे एक रिटायर्ड सुभेदार आणि त्यांचा मुलगा तीन दिवस म्हशीच्या गोठ्यावर पाळीपाळीनं पहारा देत बसले होते. ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मग मला झाडलं असतं, म्हणून ही हकीकत तुम्हालाच सांगावीशी वाटते. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. मी आता फलटणला एका दूध संघाच्या पशुपैदास विभागात काम करते. काम तुमच्याच घराण्यातलं आहे. कुणाची म्हैस कधी भरवली, म्हणजे रेतन कधी केलं, त्याची नोंद ठेवायची, तिथून तीनशे दहा दिवस मोजायचे, आणि व्यायच्या दोन महिने आधी धार बंद करून दूध कधी आटवायचं, म्हैस कधी व्यायची ते मालकाला कळवायचं. फरक एवढाच की तुम्ही हे बोटांच्या पेरांवर करत होता आणि मी कॉम्प्युटरच्या शीटवर करते. दिवाळीनंतर मी त्या शीटसाठी एक मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे मशीनला एकदाच लिहून दिलेला हुकूम. एक बटन दाबलं की गावोगावच्या रेतन सेवकांच्या मोबाइलमधून आलेल्या सगळ्या तारखा शीटमध्ये भरल्या जातात, दिवस मोजले जातात आणि मालकांना मेसेज जातात. कुठल्या क्लासला न जाता, व्हिडिओ बघून शिकले. ऑफिसात पेढे वाटले होते.

आणि मग सुभेदारांचा फोन आला. "जयहिंद मॅडम. तुमच्या मेसेजप्रमाणं म्हस तेरा तारखेला व्याणार हुती. आज पंधरा. आमी बापलेक ड्यूटी लावून बसलोय. गूळ, बाजरी, गरम पाणी, सगळं रेडी हाय. पन म्हस निवांत कडबा खातीय." मी विचारलं, भरवली कधी होती? "तीन सप्टेंबर. डायरीत लिवलंय." मी मनात मोजलं. जेमतेम चार महिने झाले होते. "सुभेदारसाहेब, ती जुलैत व्याईल हो," मी म्हटलं. ते म्हणाले, "आवं मग मेसेज कुनी पाठवला? दुश्मनानं?" मी नेटवर्कवर ढकललं आणि फोन ठेवला. खोटं बोलले, अब्बा. मेसेज माझ्या मॅक्रोनं पाठवला होता.

अर्धा दिवस मी कुणाला काही न सांगता शीटशी झटापट केली. आधी वाटलं, तारीख नुसती दिसायला चुकतेय, म्हणून रकान्याची मांडणी बदलली. तारखेनं कपडे बदलले, आतलं माणूस तेच राहिलं. मग कॉम्प्युटरची देशाची सेटिंग तपासली, तीही भारताचीच होती. हातानं ०३/०९ टाइप केलं की तीन सप्टेंबर व्हायचा, आणि तेच मॅक्रोनं भरलं की नऊ मार्च. डोकं चालेना. शेवटी नुसती बघत बसले तेव्हा लक्षात आलं की बारा तारखेपर्यंतच्याच नोंदी बिघडल्या होत्या. तेरापासून पुढं सगळं ठीक. त्यातल्या बऱ्याच तारखा रकान्यात डावीकडं चिकटून बसलेल्या, म्हणजे मशीनला त्या तारखा वाटतच नव्हत्या, ते त्यांना नुसती अक्षरं समजत होतं. तेव्हा उलगडलं. मॅक्रोच्या आत मशीन अमेरिकेच्या पद्धतीनं वाचतं, आधी महिना आणि मग दिवस. तेरावा महिना नसतो म्हणून तिथं ते गप्प बसतं, बारापर्यंत मात्र बिनधास्त उलटं करतं. आणि मी करून बघताना घेतलेल्या तारखा कोणत्या? पंधरा, वीस, सव्वीस. पेढे उगाच वाटले.

त्या क्षणी मला वडूजचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी सातवीत आहे. रविवार आहे. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यातून आलाय, मोरीत उभे आहात, अम्मी तांब्यानं तुमच्या हातांवर पाणी घालतेय आणि तुम्ही कोपरापर्यंत साबण लावताय. दवाखान्याचं फाटकं रजिस्टर चुलीपासून लांब, पाटावर ठेवलंय आणि मी ते नव्या वहीत उतरवतेय. तुम्ही दवाखान्यात परिचर, पण रजिस्टर तुमचंच. लोक येऊन तारीख कधी सांगायचेच नाहीत. कुणी म्हणायचं बेंदराच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, कुणी म्हणायचं उरुसाच्या आधी दोन दिवस, आणि तुम्ही ते ऐकून महिना शब्दांत लिहायचा. मी घाईनं ५/४ लिहिलं होतं. तुम्ही ओल्या हातानंच वही उचलली. "ही तारीख हाय व्हय? पाच एप्रिल का चार मे? आता म्हशीला इचारून येऊ?" अम्मी हसली, मला रडू आलं. मग सगळं पान तुम्ही मला पुन्हा लिहायला लावलं, आणि संध्याकाळी दवाखान्यातून टाकून दिलेला, फिरत्या चाकांचा तारखेचा रबरी शिक्का आणून दिलात. पुढचे आठ दिवस मी घरातल्या प्रत्येक वस्तूवर शिक्का मारत हिंडत होते. तुमच्या पांढऱ्या टोपीवरसुद्धा. तुम्ही ती तशीच घालून नमाजाला गेलात.

चूक सापडली तशी दुरुस्ती सोपी होती. आलेल्या तारखेचे मी तीन तुकडे केले आणि हा दिवस, हा महिना, हे साल, असं एकेक नाव सांगून मशीनच्या हातात दिले. अंदाज करायला जागाच ठेवली नाही. शीटमधल्या उलट्या तारखा सुलट्यांमधून ओळखू येत नव्हत्या, म्हणून मूळ फाइलवरून सगळं पुन्हा भरलं. आता मेसेजमध्ये महिना शब्दांत जातो. पण खरी भीती पुढं होती. सुभेदारांना आम्ही लवकरची तारीख कळवली, त्यात हसण्यावारी गेलं. ज्यांना उशिराची कळवली त्यांचं काय? सहा एप्रिलला भरवलेली म्हैस मशीननं चार जूनची धरली होती. ती व्याणार दहा फेब्रुवारीला, आणि आम्ही कळवलं होतं दहा एप्रिल. म्हणजे जिचं दूध डिसेंबरातच आटवायचं, तिची धार जानेवारीतही काढणं चालू असणार. पोटातल्या रेडकाच्या वाट्याचं आम्ही किटलीत ओतून घेत होतो.

मी आमच्या विभागाच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी यादी वाचली. "चूक मोबाइलच्या फाइलची की मॅक्रोची?"

"मॅक्रोची. म्हणजे माझी, सर."

"मग बसा आणि फोन लावा. निम्मी यादी मला द्या."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन झाले. बहुतेकांनी म्हशीकडं बघून आधीच धार बंद केली होती. मेसेजपेक्षा म्हशीवर विश्वास ठेवणारी माणसं, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. सुभेदारांनाही फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "काय न्हाई मॅडम, पोराची पहाऱ्याची प्रॅक्टिस झाली. त्यो भरतीच्या तयारीलाच हाय." फक्त एक फोन लागेना, आणि ती नेमकी सहा एप्रिलची म्हैस. मालकीण वडूजच्या पुढच्या गावातली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटीनं वडूज गाठलं आणि तिथून वडापच्या जीपनं गावात गेले. बाई गोठ्यातच होत्या, आणि हातात धारेची चरवी.

"काकू, धार काढू नका," मी दारातूनच ओरडले. त्या दचकल्या. मी सगळं सांगितलं, चूक माझी हेही सांगितलं. त्यांनी चरवी खाली ठेवली आणि म्हशीच्या पोटावरून हात फिरवला. "मला वाटतच हुतं बघा. पोट बगून मी मालकास्नी रोज म्हनायची. पन ते म्हनले, मेसेज छापील हाय, त्यो कसा चुकंल? दूध आटवायचा मेसेज आल्यावर बघू." मी डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी काय खायला घालायचं ते सांगितलं, आणि दुपारी तिथल्या डॉक्टरांना पाठवून, दूध आटताना कास सुजू नये म्हणून सडांत औषध सोडायला लावलं. जाताना बाईंनी विचारलं, "तू कुनाची गं?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी माझा हातच धरला. "आगं, आमच्या पयल्या म्हशीचं रेडकू त्यांनीच वडून काडलं हुतं. बस खाली, च्या पिल्याबिगार जायाचं न्हाई."

म्हैस नऊ फेब्रुवारीला व्याली. पारडी झाली. जरा हडकुळी आहे, आणि म्हशीनं दूधही गेल्या वेतापेक्षा कमी धरलंय. ते माझ्या खात्यावर. पण पारडी दुडक्या मारतेय, बाई फोटो पाठवतात, आणि आता दूध आटवायचा मेसेज गेला की ऑफिसातून आम्ही एक फोनही करतो.

अब्बा, हे मी उलट्या तारखांच्या यादीच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. यावर पत्ता लिहायचा नाही, आणि अम्मीलाही वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. मी चौथीत असताना तुम्ही मला म्हैस व्याताना दाखवायला नेलं होतं आणि नंतर सगळ्या गल्लीत सांगत होता की माझी पोरगी जरासुद्धा भ्याली नाही. मी तुमच्या शर्टात तोंड खुपसून डोळे घट्ट मिटले होते. इतक्या म्हशींच्या तारखा काढल्या, पण व्याताना मी अजून एकही पाहिलेली नाही.