धुऊन-पुसून लावलेलं डाळिंब

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष साष्टांग आता जमत नाही, तेव्हा तो कागदावरच मानून घे.) तुझी तब्येत कशी आहे, गोळ्या वेळेवर घेतेस ना, सातव्या मजल्यावर वारा फार लागत नाही ना, आणि तिथली लिफ्ट मजल्याशी बरोबर थांबते ना, हे चारही प्रश्न मनापासून विचारतो आहे. शेवटचा जरा जास्तच मनापासून. मी आलो होतो तेव्हा ती मजल्याच्या बोटभर खाली थांबत होती, आणि ज्याने उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला त्याच्या सख्ख्या बहिणीने रोज बोटभर पायरी चढावी हे मला सहन होत नाही. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी भावजय तुझी आठवण काढते, विशेषतः माझ्यावर चिडली की, कारण मला वळण लावायचं काम लहानपणी तुझ्याकडे होतं असं तिने कुठेतरी ऐकलं आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी खोटं बोलतो म्हणून. तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून ‘झकास आहे’ एवढंच निघतं. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते. तेव्हा सांगून टाकतो. तुझं डाळिंब झकास नाही. त्याला इथे येऊन सहा आठवडे झाले आणि त्याच्यावर औषधालासुद्धा पान नाही. गेल्या रविवारी मी तुला ज्या हिरव्यागार डाळिंबाचा फोटो पाठवला ते रोपवाटिकेतलं, विक्रीला ठेवलेलं झाड होतं. त्याच्या बुडाशी ‘झाडांना हात लावू नये’ अशी पाटी होती, ती दिसू नये म्हणून मी तिच्यावर माझी टोपी घातली होती. (फोटोत डावीकडे टोपी दिसते ती त्याच कामगिरीवर होती.)

तू ‘छान आहे’ एवढंच कळवलंस आणि मला वाटलं, खपलं. मग परवा भाचीने सांगितलं की तू तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिलास, ‘याच्या बुंध्याला खाच नाही’ म्हणालीस आणि फोन बाजूला ठेवलास. दाजी रोज कामावरून आले की सायकल त्या डाळिंबाला टेकवायचे, तिचं पॅडल घासून घासून पडलेली ती खाच. मी ती कशी विसरलो, मला माहीत नाही. पण तू मला पकडलंस आणि तसं एका शब्दाने जाणवू दिलं नाहीस, हे मला फार लागलं. लहानपणी तू सरळ कान पिरगाळायचीस, ते परवडायचं.

आता गुन्हा कसा घडला ते ऐक. तुमची बैठी वसाहत पाडायचं ठरल्यावर माळीबुवांनी ते झाड किती निगुतीने काढलं होतं. भोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट, गोणपाटात बांधून, सुतळीचे आडवे-उभे वेढे देऊन. टेम्पो निघताना तू खोडावर हात ठेवून मला एवढंच म्हणालीस, ‘याला धसमुसळेपणा चालत नाही.’ मी मान हलवली. मान हलवायला आपलं काय जातं? घरी आल्यावर गोणपाट सोडलं तर आत नुसता चिखलाचा गोळा. ताई, तू माझं काम पाहिलेलं आहेस. कुठलाही पार्ट बसवायचा झाला तर तो आधी धुवायचा, पुसायचा, वाळवायचा आणि मगच जागेवर बसवायचा, हे माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी स्कूटर धुवायचा पाइप लावला, हातात ब्रश घेतला आणि दीड तास एकेक मूळ चकचकीत केलं. मग भर दुपारी अंगणात वर्तमानपत्र पसरून ती मुळं वाळत घातली. तुझी भावजय दारात येऊन म्हणाली, झाडाला जरा विचारून तरी बघा. मी तिला सांगितलं, तू आत जा, हे तांत्रिक काम आहे.

खड्डाही मी माझ्या धंद्याला शोभेल असा खणला. लिफ्टच्या तळाशी असतो तसा, चौकोनी, खोल, चारही कोपरे काटकोनात. झाड त्यात पार पोटरीपर्यंत गेलं. ओळंबा लावून ते सरळ आहे याची खात्री केली, तिन्ही बाजूंनी तार ताणून आवळली, तीन पाट्या खत घातलं आणि पाणी सोडलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि दुपारी करमलं नाही तर आणखी एकदा. चौथ्या दिवशी पानांनी माना टाकल्या. मला वाटलं तहान लागली असेल, मी पाणी वाढवलं. पान पिवळं पडलं, मी खत वाढवलं. पंधरवड्यात झाड असं दिसायला लागलं की शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून डोकावून विचारून गेले, कपडे वाळत घालायला उभं केलंत का? (मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.)

शेवटी रोपवाटिकेच्या बाईंना पाचारण केलं. त्या फोटोच्या भानगडीनंतर लगेचच, म्हणजे चोरी केली तिथेच मदत मागायला गेलो. बाई वयाने लहान पण बोलण्यात मोठी डॉक्टरीण. आल्या, उकिडव्या बसल्या, मातीत दोन बोटं खुपसली, वास घेतला आणि मला विचारलं, मुळांना माती किती होती? मी अभिमानाने सांगितलं, कणभरही ठेवली नाही. त्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग समजावून सांगितलं की पाणी पितात ती जाडी मुळं नव्हेत, केसांसारखी बारीक मुळं पितात, आणि ती त्या मातीच्या गड्ड्यातच धरून असतात. ती मी ब्रशने घासून काढली होती. जी उरली ती उन्हात वाळवली, त्यातूनही जी वाचली ती पाण्यात बुडवली, आणि वर उपाशी पोटी खताची मेजवानी. दाजी गेल्यानंतर तुझ्याजवळ त्यांच्या हातची अशी ती एकच जिवंत वस्तू होती, ती तू विश्वासाने माझ्या हवाली केलीस आणि मी तिच्या मागे अक्षरशः हात धुऊन लागलो.

बाईंनी नखाने साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. त्या म्हणाल्या, ‘काका, हे गेलेलं नाही. याला धक्का बसलाय. आता खत नको, पाणी बेताचं, आणि रोज हलवून बघू नका.’ मग दोघांनी मिळून ते झाड अलगद उचलून वर घेतलं, तळाशी माती भरली, आणि बुंधा मोकळा झाला तशी ती खाच जमिनीतून वर आली. ती मीच पुरून टाकली होती. मला तिथे दाजींची सायकल दिसली म्हटलं तरी चालेल. तारा काढून सुती पट्ट्या सैल बांधल्या, कारण वाऱ्याने थोडं डुललं तरच झाड आपले पाय रोवतं म्हणे. भोवती पालापाचोळा पसरला, बुंध्याला न लागेल असा. वरून उन्हाला आडोसा म्हणून तुझ्या भावजयीने मोठ्या गुलाबी फुलांची जुनी चादर दिली. मास्तर लांबून पाहून म्हणाले, वा, बहर आला. जुन्या जागची मूठभर माती मिळाली तर बरं, असंही बाई म्हणाल्या. मी तुमच्या वसाहतीपाशी जाऊन आलो, पण तिथे पत्र्याचं कुंपण घातलंय आणि आत नुसती खडी.

तेव्हापासून मला काहीही करायचं नाही, हे काम दिलेलं आहे. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. सकाळी मातीत दोन बोटं घालायची, ओल असली तर निमूट परत यायचं. साल खरवडून बघायची परवानगी एकदाच होती, मी सातदा खरवडली, मग तुझ्या भावजयीने माझी नखं कापायला लावली. आता मी खुर्ची टाकून त्याच्या शेजारी बसतो, बस्स. आणि बसून बसून, ताई, मला तू आठवायला लागलीस.

भाची भली पोर आहे, पण तीही माझ्यासारखीच. तू तिच्याकडे राहायला गेलीस त्याच आठवड्यात तिने तुला सकाळच्या व्यायामाला घातलं, चित्रकलेच्या वर्गाला घातलं, गच्चीवरच्या बायकांच्या मंडळात नाव दिलं. हे सगळं खतच की. ती रडकुंडीला येऊन सांगत होती, आई अर्धीच पोळी खाते, काही बोलत नाही, बाल्कनीत झाकण लावलेल्या एका रिकाम्या डब्यापाशी बसून राहते. आणि मी काय केलं? दिवसातून तीनदा फोन करून ‘रुळलीस का, रुळलीस का’ विचारलं. मीही झाड हलवूनच बघत होतो. चाळीस वर्षं एका अंगणात राहिलेलं माणूस सहा आठवड्यांत सातव्या मजल्यावर रुळावं, ही घाई आम्हाला. मी भाचीला म्हटलं, मंडळ-बिंडळ राहू दे, तू नुसती तिच्याजवळ जाऊन बसत जा. तू रुळली नसलीस तर नको रुळूस, ताई. सावकाश होऊ दे. मला तू फोनवर ‘झकास आहे’ म्हणू नकोस, मीही म्हणणार नाही.

रागवायचं असेल तर पत्र दोनदा वाचून मग रागव. भाचीला आणि जावयांना आशीर्वाद.

तुझा,
हातात सध्या एकही हत्यार नसलेला
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच खाचेच्या वर, डाव्या फांदीवर, तांबूस असं काहीतरी दिसलं. तीळभर. तुझी भावजय म्हणते मुंगळा आहे. मी पाऊण तास खुर्चीत बसून पाहिलं, तो हललेला नाही. ती म्हणते, मुंगळासुद्धा तुमच्याकडे बघत असेल. तरी आतापर्यंत तीच तीनदा चष्मा पुसून बघून गेली.

दुसरा ता. क. लिफ्ट बोटभर खाली थांबते ती तक्रार मी तुमच्या इमारतीच्या वॉचमनकडे तीनदा फोनवर केली आहे. तो मला ओळखतो. तुला काही म्हणाला तर मी तुझा कोणी नाही असं सांग.

शेवटचा ता. क. तो डबा रिकामा नाही म्हणे. मी काल भाचीला झाकण उघडून बघायला लावलं. तिने त्यात पुदिना लावायचं म्हटलं तेव्हा तू का हात लावू दिला नाहीस ते मला आत्ता कळलं. तू अंगणातली माती बरोबर नेलीस आणि कोणाला बोलली नाहीस. ताई, त्यातल्या दोन मुठी मला झाडासाठी हव्या आहेत. टपालाने पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये, खुर्ची दुसरीही आहे. आणि सगळी आणू नकोस. निम्मी तिथे तुझ्याजवळ राहू दे.