फ्रीजची वेगळी लाईन

अहिल्यानगर,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय एंजल,

सलाम. पत्र पाहून हसशील. फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तू "मम्मी, लॅबमध्ये आहे" म्हणतेस आणि मलाही पुढचं सुचत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, पत्रात आधी समोरच्याची खुशाली विचारावी, मग आपली सांगावी. तर, जेवतेस का वेळेवर? तो खोकला गेला का?

इकडे कांद्याला यंदा फार डेंगळे आलेत. राहुरीच्या रस्त्याला असं शेत दिसलं की परवा-परवापर्यंत पपा स्कूटर हळू करायचे. कांदा पोसायचं सोडून मध्येच फुलाचा दांडा काढतो हे आम्हाला ठाऊक होतं. का काढतो, ते तू सांगितलंस. थंडी लागली की एक प्रथिन फुलाला अडवणाऱ्या जनुकावर जाऊन बसतं आणि त्याला गप्प करतं. जनुक कुठे जात नाही, फक्त गप्प होतं. त्यावर पपा म्हणाले होते, "म्हंजी तुझ्या मम्मीसारखं. हाय, पर बोलत न्हाई." किती हसलीस तू तेव्हा! मीही हसले होते.

ते प्रथिन कांद्याच्या पेशीत हुडकून काढणारी अँटीबॉडी तू सशाच्या रक्तातून मिळवली होतीस. ससा पुढे मेला, आणि अगदी तशीच दुसरी व्हायची नाही, असं तू म्हणायचीस. उरलेली बाटली घेऊन त्या मे महिन्यात तू घरी आलीस. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान होती. तुझ्या मामेभावाचं, अब्राहामचं लग्न आटोपून राहुरीला विद्यापीठात जायचं, तिथल्या कांद्यावर ती वापरायची, असं ठरलं होतं. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून ती तू फ्रीजरमध्ये ठेवलीस आणि डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंस, "हात लावू नये."

पपांनी हात लावलाच नाही गं. अब्राहामच्या लग्नाला शेवगावला निघताना नेहमीसारखं शेवटी कुलूप लावलं, आणि त्याआधी नेहमीसारखा मेन स्विच बंद केला. नागापूरला कारखान्यात इलेक्ट्रिशियन असताना त्यांनी शॉर्ट सर्किटनं शेड जळताना पाहिली होती. तुझ्या जन्माआधीपासून आपलं घर कधी मेन चालू ठेवून बंद झालं नाही. तुलाही ते माहीत होतं, मलाही. लग्नाच्या गडबडीत कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

दोन दिवसांनी परत आलो तर फ्रीजखाली पाणी. तू ती उन्हाळ्यात वाया गेलेली बाटली तळहातावर घेऊन उभी होतीस. पपा म्हणाले, "म्या डब्याला हात बी लावला न्हाई, पोरी." आणि तू म्हणालीस, "त्या सशानंसुद्धा माझ्यासाठी जास्त केलं, पपा."

दोघांनाही एकेक वाक्य सांगायला हवं होतं. मी फरशी पुसत राहिले.

त्यानंतर दोन नाताळ तुझ्याविना गेले. केक करते, पण अर्धाच. तू गेलीस त्याच आठवड्यात पपांनी मीटरपासून फ्रीजला वेगळी लाईन ओढली. आता घरचा मेन बंद केला तरी फ्रीज चालूच राहतो. तो इन्व्हर्टरलाही जोडलाय. फ्रीजरचा डावा कोपरा ते रिकामा ठेवतात. एकदा मी तिथे मटार ठेवले, तर उचलून बाहेर काढले. म्हणाले, "ती जागा एंजलची हाय." तुला सांगू नकोस म्हणाले, म्हणून सांगितलं नव्हतं.

आता आमची खुशाली. गेला महिनाभर पपांच्या गळ्याशी गाठ होती. ती काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिचे पातळ काप पुण्याला पाठवू. तिथे वेगवेगळ्या अँटीबॉडी टाकून बघतात, त्यातली एक जनुकांना गप्प करणाऱ्या प्रथिनाची असते. पपा एकदम ताठ बसले. "कांद्यात असतंय त्येच का?" त्या हसल्या, म्हणाल्या, त्याचंच भावंड समजा. मग पपांनी विचारलं, "ती बाटली गार ठेवत्यात ना? मेन बंद करत न्हाई ना कुनी?" त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

गाठ कॅन्सरची आहे, एंजल. गुरुवारपासून औषध सुरू होतंय. सगळ्यांनाच ते लागू पडतं असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. पपांनी मला बजावलंय, "पोरीला कळवू नको, तिच्या कामात खोळंबा नको." आयुष्यभर त्यांचं ऐकत आले, तुझंही ऐकत आले. हे एवढं ऐकणार नाही. आज ते झोपलेत तोवर लिहून उद्या सकाळीच कुरियरला देते. फोनवर सांगितलं असतं तर रडू फुटलं असतं आणि तुला अर्धंच कळलं असतं. गुरुवारच्या आत ये. त्यांच्याशी काय बोलायचं याचा विचार करत बसू नकोस, कांद्याचं बोल. नवी बाटली असली तर घेऊन ये, नसली तरी ये. फ्रीज चालू आहे.

तुझीच,
मम्मी